प्रतीक्षायादीवर नाव असताना देवाच्या विश्वासूपणावर भिस्त कशी ठेवावी?

सदरकर (धागाकर्ती)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून त्यांचे नाव नागपूरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीवर आहे. त्यांचा रक्तगट ओ असल्यामुळे त्यांना ओ गटाच्याच दात्याचे मूत्रपिंड चालते. मला मधुमेह असल्यामुळे माझे मूत्रपिंड देण्याचा मार्ग डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत बंद केला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस, असा आमच्या घराचा दिनक्रम झाला आहे.

ज्यांनी नागपूरचा मे महिना काढला आहे त्यांना ४५ अंशांतली तहान समजावून सांगावी लागणार नाही. परंतु लघवी होत नसल्यामुळे प्यायलेले पाणी शरीरातच साठत राहते, म्हणून यांना दिवसाला एका लिटरची मर्यादा आहे आणि चहा, ताक, वरणाचे पाणी हे सारे त्यातच धरायचे असते. रोज सकाळी मी एक लिटरची बाटली भरून ठेवते. गोळीबरोबर त्यांनी घोट घेतला की पाणी किती खाली गेले हे आम्ही दोघेही बघतो आणि बघितले नाही असे दोघेही दाखवतो. दुपारी कूलरसमोर बसून ते बर्फाचा एक तुकडा जिभेवर ठेवतात, तोही हिशेबात धरावा लागतो. पोटॅशियम वाढते म्हणून संत्री घरात येत नाहीत. नागपुरात राहून संत्र्याची फोड तोंडात टाकता येत नाही याचे त्यांना पाण्याइतकेच वाईट वाटते.

हे सारे सोसण्याची ताकद प्रभू देत आला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी अडचण वेगळी आहे. मागच्या घरगुती प्रार्थनेत एका भगिनीने अत्यंत कळकळीने प्रार्थना केली की, हे प्रभू, याच आठवड्यात मूत्रपिंड मिळवून दे. सर्वांनी आमेन म्हटले, पण माझ्या तोंडून तो शब्द निघेना. मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड मिळणे याचा अर्थ त्या आठवड्यात या विदर्भात कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप जाणार. ते मी देवाकडे कसे मागावे? आणि मागायचे नसेल तर मी नेमकी कशाची वाट पाहत आहे? ‘देवाच्या वेळी सारे होईल’ असे मंडळीतले लोक प्रेमाने म्हणतात, आणि त्यांचा भाव मला कळतो. पण देवाची ती वेळ दुसऱ्या एका घरात कोणती वेळ असेल, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. जाणत्या वडीलधाऱ्यांनी मार्गदर्शन करावे.

जुने_मास्तर

ताई, तुमच्या मुख्य प्रश्नाला मी लगेच हात घालत नाही, कारण त्याचे उत्तर माझ्यापेक्षा ज्यांनी दुसऱ्या बाजूने तो प्रसंग पाहिला आहे अशा कोणी द्यावे असे मला वाटते. मी वाट पाहण्याबद्दल लिहितो.

देवाच्या विश्वासूपणाबद्दल आपण जे वचन सर्वांत अधिक म्हणतो, की त्याच्या दया संपत नाहीत आणि त्या रोज सकाळी नव्या होतात, ते विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात आहे. यरुशलेम बाबेलच्या सैन्याने जाळले होते, मंदिर उरले नव्हते, आणि त्या पुस्तकातली वर्णने इतकी भयंकर आहेत की उपासनेत ती सहसा वाचलीच जात नाहीत. अशा ढिगाऱ्यात उभा राहून लिहिणारा ही दोन वचने लिहितो. मला याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की पुस्तक तिथे संपत नाही. पुढे आणखी दोन विलाप आहेत, आणि तू आम्हाला कायमचे टाकून दिलेस काय, या शंकेवरच पाचवा अध्याय थांबतो. म्हणजे विश्वासूपणाची ग्वाही देणारा माणूस त्यानंतरही रडतो, विचारतो, देवाला धारेवर धरतो, आणि पवित्र शास्त्राने त्याला गप्प केलेले नाही.

तेराव्या स्तोत्रात दावीद ‘कोठवर’ असे लागोपाठ चार वेळा विचारतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राची शेवटची ओळ अंधारातच संपते, तिच्यापुढे समाधानाचा एक शब्दही येत नाही. मी शाळेत असताना आम्हाला असे शिकवले गेले की कुरकूर करणे हे अविश्वासाचे लक्षण आहे. मला ते पटत नाही. रानात इस्राएल लोकांनी देवाविषयी आपसात कुरकूर केली, दावीदाने देवापाशी तक्रार केली, आणि या दोहोंत मोठे अंतर आहे. ज्याच्यावर आपला विश्वास उरलेला नाही त्याच्याकडे कोणी रात्री तीन वाजता गाऱ्हाणे घेऊन जात नाही. तुम्हाला आमेन म्हणता आले नाही, हेही प्रभूला सांगा.

योसेफाचे उदाहरण आपण नेहमी त्याच्या शेवटाकडून सांगतो, म्हणून त्यातली प्रतीक्षा आपल्याला दिसत नाही. १७ व्या वर्षी तो विकला गेला आणि ३० व्या वर्षी फारोपुढे उभा राहिला. तुरुंगातून सुटणार असलेल्या प्यालेबरदारांच्या, म्हणजे राजाला प्याला देणाऱ्या सेवकांच्या, नायकाला त्याने हात जोडून सांगितले होते की माझी आठवण ठेव. तो नायक त्याला विसरला, आणि मग पूर्ण दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांबद्दल उत्पत्तीचे पुस्तक एक अक्षरही लिहीत नाही, आणि तीच योसेफाची सर्वांत कठीण वर्षे असावीत असे मला नेहमी वाटत आले आहे.

काटोलचा_बागाईतदार

मास्तरांनी लिहिले त्यात भर घालतो. आमच्याकडे संत्र्याच्या आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडाचे पाणी तोडतात, त्याला आम्ही ताण देणे म्हणतो. पाने मलूल होतात, थोडी गळतातही. परक्या माणसाला बाग वाळत चालली असे वाटेल. जानेवारीत ताण तोडून पाणी सोडले की त्यानंतर फुलोरा येतो. ताण न देता भरपूर पाणी पाजलेले झाड हिरवेगार दिसते, पण फुलत नाही. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा, म्हणून ज्याने पाणी तोडले आहे तो त्या दिवसांत घरी बसत नाही; एरवीपेक्षा जास्त फेऱ्या मारतो, ओळीओळीने पाने बघतो, कारण ताण दोन दिवस अधिक झाला तर फांदी वाळते. देवसुद्धा आपल्याला कोरड्या दिवसांत सोडून जात नाही, अधिक जवळून बघत असतो, असा माझा अनुभव आहे.

सदरकर

मास्तर, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काल रात्री आम्ही दोघांनी मिळून वाचले. यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला सांगितले. इतक्या महिन्यांत शास्त्रपाठानंतर त्यांनी स्वतःहून प्रार्थना केली नव्हती, ती काल केली.

काटोलच्या दादा, तुम्ही प्रेमाने लिहिलेत आणि माझ्या स्वतःच्या बाबतीत मी ते मानायला तयार आहे; या दिवसांत मी जे शिकले ते सुखात शिकले नसते. पण बागेचा ताण शेतकऱ्याने जाणूनबुजून दिलेला असतो. यांचा आजार देवाने काही फुलावे म्हणून दिला असे मानायला माझे मन धजत नाही. प्रभू येशूने आजारी माणसाला ‘हे तुझ्या भल्यासाठी आहे’ असे सांगून परत पाठवल्याचे मला शुभवर्तमानात कुठे आढळत नाही. त्याने त्यांना बरे केले.

काटोलचा_बागाईतदार

ताई, मान्य आहे. पाणी कोणी तोडले हे मी सांगू शकत नाही आणि सांगू नये. रोजच्या फेरीबद्दल मी जे लिहिले त्यावर मात्र मी ठाम आहे.

नवा_सभासद

ताई, खचून जाऊ नका. यिर्मया २९ मधले अकरावे वचन धरून ठेवा. परमेश्वराचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, भविष्य व आशा देणारे आहेत. माझा पूर्ण विश्वास आहे की दोन-तीन महिन्यांत मूत्रपिंड मिळाल्याची तुमची साक्ष आम्ही ऐकणार.

कामठी_बायबलवर्ग

नव्या सभासदाचा उत्साह मनापासूनचा आहे, म्हणून त्याचा विरस न करता लिहिते. हे वचन ज्या पत्रात आहे ते पत्र यिर्मयाने बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना पाठवले होते. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल, आणि लोकांना तेच ऐकायचे होते. यिर्मया मात्र ७० वर्षे म्हणतो. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्या मुदतीत अंत होणार होता. हिताच्या संकल्पांचे वचन त्यानंतर लगेच येते आणि ते त्याच लोकांना सांगितलेले आहे.

मग मधल्या काळात त्यांनी काय करायचे? घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात मी तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. मला वाटते, देव वाट पाहणाऱ्याला तारीख देत नाही, पण आजच्या दिवसाचे काम मात्र देतो. आमच्या वर्गातल्या एका भगिनीचे पती वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून होते. तिला कोणी ‘लवकरच बरे होतील’ म्हटले की ती उठून आत जात असे, आणि कोणी पोळ्या लाटायला बसले की तिच्या डोळ्यांत पाणी येत असे. तारखा सांगणाऱ्या प्रार्थनांनी माणूस थकतो. ताईंना आपण साक्षीची मुदत घालून देऊ नये.

अजनीची_लेक

मी हा धागा दोन दिवस वाचते आहे. मास्तरांनी ज्या दुसऱ्या बाजूचा उल्लेख केला त्या बाजूची मी आहे.

माझ्या धाकट्या भावाचा वर्धा रोडवर दुचाकीचा अपघात झाला. डोक्याला मार होता, बाकी शरीरावर खरचटलेलेसुद्धा फारसे नव्हते. मेंदूमृत घोषित करण्यासाठी १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि सर्व चाचण्या दोनदा कराव्या लागतात, त्यांत किमान सहा तासांचे अंतर असावे लागते. ते सहा तास आम्ही अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर काढले. छाती वरखाली होत होती, हात ऊबदार होता, आणि डॉक्टर सांगत होते की हे सारे यंत्र करते आहे. त्या सहा तासांत मी देवाकडे एकच गोष्ट मागितली, की दुसऱ्या चाचणीत यंत्र थांबवल्यावर त्याने स्वतःहून एक श्वास घ्यावा. त्याने तो घेतला नाही.

ताई, तुम्ही विचारलेला प्रश्न मी उलट्या दिशेने विचारला आहे. कोणीतरी कुठेतरी प्रार्थना करत होते म्हणून माझा भाऊ गेला का? त्याचे उत्तर मी तुम्हाला ठामपणे देऊ शकते. त्या रात्रीचा ट्रक, त्याचा वेग, भावाने हेल्मेट हँडलला अडकवून ठेवलेले असणे, यांपैकी कशाचाही तुमच्या प्रार्थनेशी संबंध नाही. माणसे तुमच्या प्रार्थनेमुळे मरत नाहीत. ती दुर्दैवाने मरतात, आणि त्यानंतर एक प्रश्न उरतो की आता काय करायचे. तुमची प्रार्थना त्या प्रश्नापाशी येते, त्याच्या आधी नाही.

आईने होकार दिला. समन्वयक बाई अवयवदानाबद्दल एकदा बोलल्या, मग काहीही न विचारता आईशेजारी बसून राहिल्या. आईने आधी विचारले की त्याला दुखेल का. नंतर विचारले की त्याचे डोळेही कोणाला मिळतील का. आमच्या घरी अवयवदानाचा विषय त्याआधी कधीही निघालेला नव्हता. तिला ते बळ कुठून आले हे मला आजही सांगता येत नाही. कोणी आमच्यासाठी, आमचे नाव माहीत नसताना, प्रार्थना करत असेल तर ती तिथे पोहोचली असे मी मानते. मूत्रपिंडे कोणाला मिळाली हे आम्हाला सांगितले जात नाही आणि तसा नियमच योग्य आहे. पण कोणाच्या तरी घरी डायलिसिसच्या फेऱ्या थांबल्या आहेत एवढे आईला माहीत आहे.

देव त्या रात्री विश्वासू होता का, असे मला कोणी विचारले तर मी चटकन हो म्हणत नाही. मी जे मागितले ते मिळाले नाही, ते कशाने भरूनही आले नाही. आम्ही एकटे मात्र नव्हतो.

डायलिसिस_तंत्रज्ञ

मी ख्रिस्ती नाही, पण रोज हे काम करतो म्हणून लिहितो. ताई, प्रतीक्षेचा काळ हा नुसता मधला काळ नसतो हे कृपया यजमानांना सांगा. जो रुग्ण वजन आटोक्यात ठेवतो, फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला) हात सांभाळतो, रोज सकाळी त्यावर बोटे ठेवून थरथर लागते की नाही हे बघतो आणि डायलिसिसची एकही फेरी चुकवत नाही, तोच मूत्रपिंड उपलब्ध झाल्यावर शस्त्रक्रियेला धडधाकट पोहोचतो. फोन आल्यावर ताप आहे, संसर्ग आहे म्हणून परत जावे लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत. श्रद्धेबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु चार तास खुर्चीवर बसून पुन्हा परवा येणारी माणसे बघताना माझे हात आपोआप जोडले जातात.

जुने_मास्तर

अजनीच्या लेकीने लिहिलेले वाचल्यावर थोडा वेळ काहीच सुचले नाही. बाळ, तू हे लिहिलेस याबद्दल तुझे ऋण मानतो.

सदरच्या ताई, आता तुमच्या मूळ प्रश्नाविषयी. काय मागावे हे कळत नाही, ही अवस्था पौलाने रोमकरांच्या पत्राच्या आठव्या अध्यायात नेमकी लिहून ठेवली आहे. यथायोग्य प्रार्थना कशासाठी करावी हे आपल्याला ठाऊक नसते, तेव्हा आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. तुमच्या न निघालेल्या आमेनच्या जागी दुसरे कोणी बोलत होते, असे समजा. आणि गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने प्याला दूर व्हावा असे मागितले, तो दूर झाला नाही. पित्याचा विश्वासूपणा त्या रात्री दिसला नाही, तिसऱ्या दिवशी दिसला. मागणे आणि सोपवून देणे या दोन्ही गोष्टी त्याने एकाच प्रार्थनेत केल्या, म्हणून तुम्हीही दोन्ही करू शकता.

आणखी एक गोष्ट, आपल्याच शहराची. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. शाळा काढली, गोंड लोकांच्या भाषांचा आणि गाण्यांचा अभ्यास केला, या भागातले दगड आणि जीवाश्म गोळा केले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये, म्हणजे २० वर्षांनी उभे राहिले. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने जगलेल्यांची मोठी नामावली आहे आणि तिच्या मध्येच लिहिले आहे की हे सर्व जण वचनफळ न मिळता मेले, त्यांनी ते दुरून पाहून त्याला नमस्कार केला. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण तुम्हाला तुमचे यजमान हवे आहेत, नामावली नको आहे, आणि तेच योग्य आहे. तरीही देवाच्या विश्वासूपणाचे माप केवळ आपल्या आयुष्यात हाती आलेल्या गोष्टींनी घ्यायचे ठरवले, तर या शहरातल्या आपल्या मंडळीचा इतिहाससुद्धा आपल्याला वाचता येणार नाही.

सदरकर

अजनीच्या ताई, तुमचे लिहिणे मी यांना मोठ्याने वाचून दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले की आपण त्या घरासाठी आधी प्रार्थना करायला हवी, आपल्यासाठी नंतर.

शनिवारी आमच्याकडे घरगुती प्रार्थना आहे. आम्ही असे ठरवले आहे की अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र जसेच्या तसे वाचायचे आणि त्याच्यामागे लगेच दुसरे आनंदाचे स्तोत्र जोडायचे नाही. त्यानंतर या आठवड्यात विदर्भात जे कोणी अतिदक्षता विभागाबाहेर बसले असतील त्यांच्यासाठी मागायचे, की त्यांचा माणूस वाचावा. आणि वाचणारच नसेल, तर त्यांच्याशेजारी कोणीतरी बसलेले असावे आणि त्यांना निर्णयाचे बळ मिळावे. ही प्रार्थना असेल तर मी आमेन म्हणू शकेन. त्यानंतर यांच्यासाठी मूत्रपिंड मागायलाही आता मला भीती वाटणार नाही, आणि मी ते स्पष्ट शब्दांत मागणार आहे. ते कधी मिळेल, मिळेल की नाही, हे मला माहीत नाही. यांचे डोळे अधूनमधून माझ्याकडे लागतात तेव्हा मी आता खोटे सांगणार नाही.

तंत्रज्ञ दादा, फिस्टुलाची थरथर बघण्याचे काम आजपासून आमच्या धाकट्या मुलीने आपल्याकडे घेतले आहे.

अजनीच्या ताई, तुमची हरकत नसेल तर शनिवारी तुमच्या भावाचे नाव घेऊन प्रार्थना करावी असे यांच्या मनात आहे. नाव इथे लिहू नका.

कामठी_बायबलवर्ग

सदरच्या ताई, गुरुवारच्या डायलिसिसला यजमानांबरोबर मी बसेन. तुम्ही ते चार तास घरी झोपा. नाही म्हणू नका, मला गुरुवार मोकळाच असतो.

अजनीची_लेक

नाव खासगी संदेशात पाठवते. आईला हा धागा वाचून दाखवला. तिला शनिवारी यायचे आहे. तुमचे घर कितव्या मजल्यावर आहे? तिला आता जिने चढवत नाहीत.

सदरकर

तळमजलाच आहे. प्रार्थना सहाला सुरू होते, पण आईंना पाचलाच घेऊन या, म्हणजे ऊन थोडे उतरलेले असेल आणि यांना त्यांच्याशी बोलायला वेळ मिळेल. कामठीच्या ताई, गुरुवार चालेल.